उंदरांचा पोळा

परभणी, ३ ऑगस्ट २०२५

कस्तुराआत्या,

पाया पडतो. लांबून पडायलोय, म्हनून पाठीत रट्टा बसायची भीती न्हाई.

नोकरी लागली. फोनवर वरडून सांगितलं असतं, पन तुला ऐकू आलं नसतं आन सगळ्या परभणीला आलं असतं. म्हनून ही चिठ्ठी. दुधाच्या टेम्पोवाल्या चंद्रभानच्या हाती धाडतोय, तूबी त्याच्याच हाती जवाब दे. चारी बाजूंनी पिना मारल्यात. तरी तो वाचतोच. चंद्रभानभाऊ, रामराम.

काम म्हंजी उंदीर सांभाळायचे. हसू नको. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, पाव्हन्यावानी बसून खानारे चोवीस उंदीर. इथं एक प्रयोगशाळा हाय, तिथं त्यांची येगळी खोली हाय. खोलीला एसी हाय. आपल्या घरी पंख्याला दोरी बांधून फिरवावा लागतो आन हितं उंदराला उकडू नये म्हनून मशीन. मी पिंजरे धुतो, भुस्सा बदलतो, खायला घालतो. दहावीला दोनदा बसलेल्या मानसाला याहून मोठा हुद्दा कोन देनार?

आता मेन गोष्ट. ह्या उंदरांच्या मेंदूत तार घातलीय. खरंच. डोक्यावर बारीक सॉकेट चिकटवलंय, मोबाइलच्या चार्जिंगवानी. मेंदूत एक जागा हाय म्हनतात, तिथं हलकासा करंट दिला की उंदराला लय आनंद होतो. रोज सकाळी तासभर आनंद द्यायचा. दहा दिवस झाले की पोटात जुलाबाचे जंतू टोचायचे. मग रगत काढून बघायचं, की आनंदी उंदीर जंतूंशी जास्त भांडतो का.

पन सगळ्यांना करंट न्हाई. सॉकेट चोवीसांना, तार चोवीसांना जोडायची, बटन मात्र बारांचंच दाबायचं. मी त्यांची नावं ठेवलीत, लाईटवाले आन लोडशेडिंगवाले. लाईटवाल्यांच्या शेपटीवर हिरव्या रेघा, लोडशेडिंगवाल्यांच्या काळ्या. दिसायला सगळे सारखेच, रेघेवरूनच वळखायचे.

प्रयोग निकिता मॅडमचा हाय. चुडाव्याची पोरगी. तीन वर्सं ह्याच्यातच घालवली तिनं. मागच्या खेपेला एसी बंद पडून सगळे उंदीर गेले. आता ह्या डिसेंबरात तिची मुदत संपती. हे चोवीस तिचे शेवटचे. पैल्याच दिवशी तिनं मला समोर बसवून सांगितलं, की भाऊ, काहीबी करा पन यांच्यात गडबड करू नका. मी म्हनलं, मॅडम, गडबड हा शब्दच मला ठाऊक न्हाई.

तू हसायलीस. मला हितून दिसायलंय.

तुझा,
महारुद्र

पोखर्णी, ७ ऑगस्ट

महारुद्रास आत्याचा आशीर्वाद, आन रट्टा उधार.

चिठ्ठी पोचली. पिना काढून परत मारलेल्या होत्या. चंद्रभान मला म्हनाला, काकू, लाईटवाले किती आन लोडशेडिंगवाले किती? मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरं असल्याचा तेवढाच फायदा.

कनगीतले उंदीर मार म्हनून मी तुला घसा फोडून सांगायची तव्हा तू खाटेवर पाय हलवत पडायचास. आता उंदराची सेवा करायला पगार. देवाचा न्याव हाय.

पन त्या पोरीचं काम मला येडपट वाटलं न्हाई. आमचे मालक गेले त्या साली मला तापानं वर्सभर सोडलं न्हाई. डाक्टर रगत तपासून दमला, काही घावलं न्हाई. पुढं तुझी माय गेली आन तुला माझ्या घरी आनून टाकलं, चार वर्साचा, नाक वाहनारा. तुझ्यामागं पळता पळता ताप कव्हा गेला कळलंबी न्हाई. माझ्या डोक्यात कुनी तार घातली नव्हती. तूच तार. आता तापापरीस तूच जड झालास ते येगळं.

तवा तिचं काम नीट कर. तिनं गडबड करू नका म्हनलं म्हंजी तुला बराबर वळखलंय.

बावीस तारखेला पोळा हाय. तुला सुट्टी न्हाई असं चंद्रभान सांगत होता, म्हंजी तू त्याला आधी सांगितलंस आन मला नंतर सांगनार. बरं. हितं बैलांच्या खांद्याला हळद-लोनी मी लावीन, माझी कंबर मोडली तर मोडली. तू तुझ्या उंदरांचाच पोळा कर तिथं. झूल घाल, मिरवनूक काढ.

कस्तुराबाई

परभणी, २५ ऑगस्ट

आत्या,

तुझी आज्ञा पाळली.

मॅडम पोळ्याला चुडाव्याला गेली होती. सर, म्हंजी तिचे मोठे साहेब, ते तर सनाला कव्हाच नसतात, कामाच्या दिवशीबी कमीच असतात. दहा दिवसाचा करंट वीस तारखेलाच पुरा झाला होता, जंतू टोचायचे येत्या गुरुवारी. मधले दिवस उंदरांना आराम. मी इचार केला, दहा दिवस डोक्याला तार लावून यांनी राबराब राबलं. सप्टेंबरात रगत काढून झालं की चोवीसांना कायमचं झोपवनार, आतलं बघायला. हा एकच पोळा त्यांच्या वाट्याला. बैलाला वर्सातून एक दिवस मिळतो, तर यांनी काय घोडं मारलंय?

आदल्या दिवशी रीतीनं खांदेमळनी केली. दुकानातून लोन्याची पुडी आनली, हळद कालवली, एकेकाला हातात घेऊन खांद्याला चोळली. उंदराला खांदा कुठं असतो ते मला तव्हा कळलं. कानात म्हनलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी कोंबट पान्यानं आंघूळ, सॉकेट तेवढं कोरडं ठेवलं. तुझ्या जुन्या लुगड्याच्या काठाच्या चोवीस झुली कापल्या. मग सगळ्यांना एका मोठ्या टबात बसवून खोलीला तीन चकरा. दाराला टाचनीनं आंब्याचं पान लावलं होतं, ते तोरन. दिनकरराव नावाचा एक जाडा उंदीर हाय, आपल्या गावच्या दिनकररावासारखाच, त्याला मानाचा बैल केला. तो टबातच पुरनपोळी खाऊन झोपला. खरा दिनकररावबी मिरवनुकीत तेच करतो.

एक बारीकशी गोष्ट झाली. लोनी-हळद हाताला, हातानं शेपटी धरली, वरून कोंबट पानी. रेघा गेल्या. चोवीसच्या चोवीस. आन उंदीर सगळे एकाच टबात.

पन घाबरू नको. मी त्यांना रोज बघतो, घरच्यावानी वळखतो. दिनकरराव लाईटवाला. सरजाबाई नावाची हाय, तिचा कान फाटका, ती लोडशेडिंग. असं करत सगळ्यांना परत रेघा मारल्या. बारा हिरव्या, बारा काळ्या, हिशोब बराबर.

आज मॅडम आली. वास घेऊन म्हनली, हळदीचा वास कामून येतोय. म्हनलं, नवं फिनाइल हाय. मग शेपट्या बघितल्या आन खूश झाली, रेघा फिकट झाल्या होत्या, तुमी बरं केलं ताज्या मारल्या म्हनून. नोकरीत पैल्यांदा शाबासकी मिळाली आत्या, तीबी तुझ्यामुळं.

महारुद्र

पोखर्णी, २६ ऑगस्ट

रुद्र्या,

टोमना आन आज्ञा यातला फरक तुला वीस वर्सात कळला न्हाई, आन आताच तेवढा आज्ञाधारक झालास.

घरच्यावानी वळखतो म्हनं. तू सातवीत असताना पोखर्णीच्या जत्रेतून आपलं करडू म्हनून दुसऱ्याचं करडू वडत आनलंस. आपलं काळं होतं, ते तांबडं होतं. आन हे चोवीस तर सगळेच पांढरे.

खरं सांग. किती जन पक्के वळखले आन किती जन अंदाजानं रंगवले?

गुरुवारी जंतू टोचायचे म्हनतोस. आज मंगळवार हाय. चंद्रभान ही चिठ्ठी उद्या सकाळी देईल. उद्याचा अख्खा दिवस तुझ्या हातात हाय. त्या पोरीला जाऊन सांग. आता सांगितलंस तर तिचे दहा दिवस वाया जातील, परत करंट देता येईल. गुरुवार उलटला तर तिची तीन वर्सं जातील. एवढा हिशोब तर तुला जमतो.

कस्तुराबाई

परभणी, १२ सप्टेंबर

आत्या,

लय दिवस चिठ्ठी न्हाई म्हनून रागावली असशील. काम होतं.

तुला एक खुशखबर देतो, म्हंजी मागच्या चिठ्ठीचा विषय काढायची गरज न्हाई. प्रयोग पास झाला. साधासुधा न्हाई, डिस्टिंक्शनमधी. ज्यांना करंट दिला त्यांच्या अंगात जंतू निम्म्याहून कमी, ज्यांना न्हाई दिला ते बेजार. दोन ढिगांत जमीन-अस्मानाचा फरक. सर धावत खोलीत आले. मी त्यांना धावताना पैल्यांदा बघितलं, त्यांनीबी मला पैल्यांदाच बघितलं, माझं नाव विचारलं. मग सगळ्यांना उभं करून भाषन दिलं, की मन प्रसन्न तर शरीर प्रसन्न. हे आमच्या हितल्या ऑटोच्या मागं लिव्हलेलं असतं, त्याच्यासाठी चोवीस जीव आन तीन वर्सं लागतात हे ठाऊक नव्हतं. सर पुढच्या महिन्यात हैदराबादला मोठ्या सभेत हे सांगनार हायत. म्हनले, आज उंदीर, उद्या दवाखान्यातला मानूस.

मॅडम रडली. हसत रडली. स्वतःच्या हातानं मला पेढा दिला आन म्हनली, भाऊ, तुमच्या निगरानीमुळं झालं. तिच्या पुस्तकात पैल्याच पानावर आभार असतात, त्यात माझं नाव छापनार हाय, पुरं, बापाच्या नावासकट.

उंदीर गेले. त्या दिवशी मी रजा टाकली. खोली धुवायला दुसऱ्या दिवशी आलो, भुस्स्यात झुलीचा एक तुकडा घावला.

तू विचारलं होतंस किती पक्के वळखले. नऊ. कान फाटका, नख तुटकं, असे नऊ. बाकी पंधरांना अंदाजानं लावला. पन अंदाज येडावाकडा नव्हता. एकेकाला हातावर घेतलं, बघितलं. जो टुनटुनीत, चपळ, डोळे चमकनारा, तो नक्की लाईटवाला, म्हनून हिरवा. जो सुस्त, केस पिंजारलेला, तो लोडशेडिंग, म्हनून काळा. आन निकाल बघ कसा चोख आला. म्हंजी माझा अंदाज बराबरच होता की न्हाई? सांग बरं.

महारुद्र

पोखर्णी, १४ सप्टेंबर

महारुद्रा,

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. पैल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा घाम आला.

जनावराच्या बाजारात दलाल काय करतो ते तू बघितलंयस. शंभरातली दहा तरतरीत जनावरं निवडून एका दावनीला बांधतो आन म्हनतो, बघा, माझी पेंड खाऊन कशी झाली. पेंडीनं न्हाई झाली. आधी तरतरीत होती म्हनून त्या दावनीला बांधली. तू तेच केलंस. जे धडधाकट होते त्यांना हिरवा लावलास, जे आधीच मलूल होते त्यांना काळा. मग धडधाकट जंतूंशी जास्त भांडले यात नवल काय? तो निकाल त्या पोरीच्या करंटाचा न्हाई. तुझ्या रंगाचा हाय.

मी सातवी शिकलेली बाई. मला हे कळतंय तर तुलाबी कळलंय. न्हाई कळलं असतं तर आठरा दिवस गप बसला नसतास, आन शेवटी "सांग बरं" लिव्हलं नसतंस.

कदाचित त्या पोरीचं म्हननं खरंबी असंल. मला तर वाटतं खरं हाय. पन ते खरं हाय का न्हाई हे आता कुनालाच ठाऊक न्हाई, आन सगळ्यांना वाटतंय की ठाऊक हाय. हे न ठाऊक असल्यापरीस वाईट. ती पोरगी हैदराबादच्या त्या कागदावर सही करील. उद्या कुनी दुसरा तेच करून बघंल, त्याला निकाल येनार न्हाई, तो हिला खोटी म्हनंल. आन तुझे सर म्हनतात तसं कुन्या आजारी लेकराच्या डोक्यात तार घालायची येळ आली, तर ती महारुद्रच्या अंदाजावर घालायची?

नोकरी जाईल. जाऊ दे. तुला भाकर घालायची मला सवय हाय.

सांगितल्याबिगर मला चिठ्ठी लिव्हू नको. आली तरी मी उघडनार न्हाई. चंद्रभान उघडंल, त्याला वाच म्हनावं.

कस्तुराबाई

परभणी, २९ सप्टेंबर

आत्या,

उघड. सांगितलं.

तीनदा गेलो होतो तिच्या दारापर्यंत. एकदा म्हनलं भुस्सा संपला. एकदा म्हनलं नळ गळायलाय. तिसऱ्यांदा काय म्हनलो मलाच आठवत न्हाई, पन तिनं नळाला मानूस धाडला, म्हंजी परत नळच म्हनलो असंन. चौथ्यांदा तिनं स्वतःच बोलावलं. आभाराचं पान टाइप केलं होतं, माझं नाव बराबर हाय का बघा म्हनली. आईबापाच्या नावाखाली माझं नाव होतं, सरांच्या वर. मी म्हनलं, मॅडम, हे खोडा. आन सांगून टाकलं. पोळा, लोनी, टब, पंधरा अंदाज, टुनटुनीत आन सुस्त, सगळं. तुझं दलालाचं उदाहरनबी सांगितलं, ते तर तिला लगेच कळलं. चेहरा बघून कळलं की कळलं.

मला वाटलं वरडंल. मी वरडनाऱ्या मानसांत वाढलोय, मला ते सोसतं. ती वरडली न्हाई. खुर्चीवर बसली आन टेबलावरचा पेन उचलून परत ठेवला. मग विचारलं, नऊ कोन ते नक्की? मी नावानिशी सांगितले. तिनं फक्त त्या नवांचे आकडे येगळे काढले. पाच लाईटवाले, चार लोडशेडिंगवाले. लाईटवाल्यांत जंतू जरासे कमी होते. मी खूश होऊन म्हनलं, म्हंजी खरं हाय की. ती म्हनली, असेल. नऊ उंदरांवरून कुणीच काही बोलू शकत नाही.

मग मला घेऊन सरांकडं गेली. आत्या, खरा तमाशा तिथं झाला. सरांनी आधी दार लावलं. मग मला म्हनले, तू बाहेर थांब. दार पातळ हाय. सर तिला समजावून सांगायलेत, की पोरगं अडानी हाय, त्याच्या बोलन्याला काय धरतेस, रेघा बघून रगत काढलं, कागद चोख हाय, हैदराबादला नाव गेलंय, तुझी मुदत डिसेंबरात संपती. शेवटी म्हनले, "निकिता, तू हे ऐकलंच नाहीस असं समज."

ती म्हनली, "सर, मी ऐकलंय."

एवढंच. 

हैदराबादचा कागद वापस घेतला. सरांनी मला कामावरून काढलं, त्याला मिनिटबी लागलं न्हाई. इतक्या झटपट त्यांनी केलेलं हे पैलंच काम. मॅडमनं मुदतवाढीचा अर्ज केला, शुक्रवारी मंजूर झाला, सहा महिने. नोव्हेंबरात नवे चोवीस येनार. त्यांना रंग न्हाई, कानाला बारीक बिल्ला. सर तिच्याशी बोलत न्हाईत, सही तेवढी करतात. चुडाव्यात घरी तिनं काय सांगितलं ते मी विचारलं न्हाई. तोंड बघून विचारायची हिंमत झाली न्हाई, आन माझी हिंमत किती असती तुला ठाऊक हाय.

आज हिशोबाचं पाकीट घ्यायला गेलो तव्हा तिनं बसवलं. कोरा कागद दिला, म्हनली, पोळ्याच्या दोन दिवसांत काय काय केलं ते लिहा, तारखेसकट, एकबी गोष्ट न गाळता. मी म्हनलं, हसतील लोक. म्हनली, हसू द्या. दोन तास लागले. दहावीला एवढं लिव्हलं असतं तर पास झालो असतो. खाली सही केली. तिनं ते पान मोठ्या वहीत चिकटवलं, बाजूला स्वतःची सही केली. तीन वर्सांची तिची वही, बारीक अक्षरांची, कुठं खाडाखोड न्हाई, आन मधीच माझं ते कोंबडीच्या पायाचं पान. तिनं त्याच्यातलं काहीबी बदललं न्हाई.

मी माफी मागितली. तिनं माफ केलं असं म्हनली न्हाई. उठलो, दारापर्यंत गेलो, तव्हा पाठीमागून विचारलं, "खांद्याला लोणी चोळताना उंदीर काय करायचे?"

मला वाटलं टोमना हाय. आता मी टोमने वळखायला शिकलोय. पन तिच्या हातात पेन होता.

मी सांगितलं, पैल्यांदा सगळे आंग चोरायचे. मग हळूहळू डोळे मिटून हातातच पसरायचे. लाईटवाले काय आन लोडशेडिंगवाले काय, सगळे सारखेच.

किती वेळ चोळलं, तिनं विचारलं. एकेकाला पाच-सात मिनिटं, म्हनलं.

तिनं ते लिव्हून घेतलं, "म्हणजे तार नसतानाही" असं पुटपुटली आन खाली दोनदा रेघ मारली.

उद्या दुपारी चंद्रभानच्या टेम्पोतूनच येतो.

महारुद्र